जुनी गाडी, नवा मालक (भाग ६) : टर्बोचा पिकअप की निर्धास्त प्रवास?

मागच्या भागात आपण परराज्यातल्या गाडीची एनओसी आणि फेरनोंदणी पाहिली. कागद चोख निघाले, आता बॉनेट उघडू.

संत्र्याचा सौदा होऊन पैसा हातात आला की पांढुर्णा-सौंसरच्या अनेक घरांत गाडीचा विषय निघतो. नागपूरच्या बाजारात सात-आठ वर्षांची ऑडी, बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीज एखाद्या नव्या मध्यम एसयूव्हीच्या भावात उभी असते. मन तिकडे ओढलं जाणं स्वाभाविक आहे. पण भाव उतरतो तो गाडीचा. तिच्या सुट्या भागांचा आणि मजुरीचा भाव उतरत नाही. पन्नास लाखांची गाडी पंधरा लाखांना मिळाली, तरी तिचा टर्बो पन्नास लाखांच्या गाडीचाच असतो. मर्सिडीज १९९५ पासून पुण्यात आणि ऑडी शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली जात असली, तरी आतले बरेच भाग परदेशातून येतात. भाग येईपर्यंत गाडी वर्कशॉपमध्ये पडून राहते.

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटी चक्की फिरते. त्याच दांड्यावरची दुसरी चक्की बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जळतं आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाची ताकद देतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. आज जर्मन आलिशान गाड्यांत टर्बो नसलेलं इंजिन शोधूनच काढावं लागतं.

हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. पेट्रोल गाडीत त्याच्या एका टोकाला नऊशे अंशांच्या आसपास तापलेला धूर असतो. तेल जुनं झालं, कमी झालं, किंवा घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद केलं, की तेल जागीच करपतं आणि बेअरिंग झिजतं. विदर्भाच्या सीमेवरचा उन्हाळा आणि बागेच्या रस्त्याची धूळ यांत हे लवकर घडतं. म्हणून कंपनीचं पुस्तक पंधरा हजार किलोमीटर सांगत असलं, तरी इथे आठ ते दहा हजारांवर तेल बदललेलं बरं. विकणाऱ्याने ते तसं बदललं होतं का, हा सौद्यातला सर्वांत मोठा प्रश्न आहे.

‘जर्मन गाड्या टिकत नाहीत’ हे अर्धसत्य आहे. भरवसा एकट्या बोधचिन्हावरून ठरत नाही. कोणतं इंजिन, कोणत्या सालचं आणि कसं सांभाळलेलं, यावर तो ठरतो. २००८ ते २०११ च्या सुमाराच्या ऑडीच्या टीएफएसआय पेट्रोल इंजिनांपैकी अनेक पिस्टन रिंगांमुळे तेल पिणारी निघाली. बीएमडब्ल्यूच्या त्या काळातल्या एन-४७ डिझेल इंजिनात टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती ढिली झाली की साखळी बदलायलाच मोठं काम निघतं. स्कोडा आणि ऑडीच्या काही मॉडेलांतला सात गिअरांचा कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स गर्दीत तापतो, आणि त्याचा मेकाट्रॉनिक (गिअर बदलणारा नियंत्रक भाग) महागात पडतो. ही दुखणी माहीत असतील तर टाळता येतात, किंवा ती दुरुस्त झाल्याचं बिल मागता येतं.

वेगाचंही नीट समजून घेऊ. मर्सिडीजचं ओएम-६५१ हे एकच डिझेल इंजिन कुठे १३६, कुठे १७०, तर कुठे २०४ अश्वशक्तीच्या जुळणीत (ट्यूनिंगमध्ये) आलं. बीएमडब्ल्यूच्या एन-२० पेट्रोल इंजिनाने ३२०आय मध्ये १८४ आणि ३२८आय मध्ये २४५ अश्वशक्ती दिली. पांढुर्ण्याहून नागपूरला जाताना किंवा सौंसरहून सिल्लेवानीचा घाट चढताना ओव्हरटेकला पिकअप लागतो, हे खरं. पण तेवढ्याला मधली जुळणी पुरून उरते. वरच्या जुळणीत दाब आणि उष्णता वाढते, म्हणजे झीजही वाढते. कुणी बाहेरून ‘रिमॅप’ करून ताकद वाढवली असेल, तर अशा गाडीला हात लावू नये.

इथे आपल्या भागाचा हिशेब वेगळा होतो. पुण्यात राहणाऱ्याला गाडी अडली तर रिक्षाने घरी जाता येतं. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. अधिकृत वर्कशॉप आणि जाणता मेकॅनिक तिकडेच. प्रत्येक दुरुस्तीत टोइंगचं भाडं आणि बुडालेला दिवस धरावा लागतो. बऱ्याच बीएमडब्ल्यूत रन-फ्लॅट टायर असतात आणि स्टेपनी नसते, हेही लक्षात घ्या. गाडी रोज घर ते बाग एवढीच फिरणार असेल, तर २०२० नंतरची बीएस-६ डिझेल घेऊ नका. तिच्या धुराच्या गाळणीला स्वच्छ होण्यासाठी लांबचा, एकसारख्या वेगाचा प्रवास लागतो. छोट्या फेऱ्यांत ती तुंबते.

दिल्लीतून येणाऱ्या स्वस्त डिझेल गाड्यांबद्दलही सावध राहा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या बाहेर विकल्या जातात. स्वस्ताईचं कारण समजलं, तरी तेवढ्याने इंजिन चांगलं ठरत नाही.

आता पाहणी. जाणता व्यापारी बगीच्याचा सौदा करताना लगडलेल्या फळांआधी बुंध्यावर डिंक्या आहे का ते बघतो. गाडीतही तसंच करा. इंजिन थंड असतानाच गाडी दाखवायला सांगा. सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत साखळीचा खडखडाट किंवा निळसर धूर आला, तर सौदा तिथेच थांबवा. इंटरकूलरचा पाइप काढून आत तेल साचलंय का बघा. काही मॉडेलांत तेल मोजायची दांडी नसते, तिथे पडद्यावरचं माप वाचा. तेल किती लागतं हे विचारा. कंपनीच्या पुस्तिका हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालतं म्हणतात, पण जुन्या गाडीत तेवढं लागत असेल तर तो इशारा आहे. स्कॅनर लावून मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळणारा टर्बोचा दाब जुळतो का पाहा. फॉल्ट कोड नुकतेच पुसलेत का, हेही त्यात कळतं. ऑटोमॅटिक गाडी अर्धा तास गर्दीत रांगत चालवा. गिअरबॉक्स गरम झाल्यावरच धक्के जाणवतात.

ज्यांना फक्त आराम आणि निर्धास्तपणा हवा, त्यांनी टोयोटा कॅमरी हायब्रिड किंवा लेक्सस ईएस ३००एच पाहावी. तिच्यात टर्बोही नाही आणि गिअर बदलणारे क्लचही नाहीत. तिची बॅटरी मात्र अधिकृत ठिकाणी तपासून घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. जर्मन गाडी घ्यायचीच, तर मधल्या जुळणीचं इंजिन, सलग सर्व्हिस रेकॉर्ड आणि एकच मालक, हा क्रम धरा. जास्त ताकदीची पण बिलं नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. तो ठेवणं जमत नसेल, तर ती गाडी आपल्या बजेटची नाही. आणि स्कॅन केल्याशिवाय टोकन देऊ नका, विकणारा कितीही ओळखीचा असला तरी.

पुढच्या भागात : जुन्या गाडीचा विमा आणि आधीच्या दाव्यांचा इतिहास.