माहीमचं चर्च आणि बिशप नेमण्याचा हक्क

माहीमच्या सेंट मायकल चर्चसमोर बुधवारी लागणारी नोव्हेनाची रांग मुंबईकरांना नवी नाही. ८ सप्टेंबर १९४८ला सुरू झालेल्या या भक्तीला सगळ्या धर्मांची माणसं येतात. याच चर्चला १८५३ साली वेढा पडला होता, हे रांगेतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. आत कॅपुचिन बिशप अनास्तासियस हार्टमन होते आणि बाहेर त्याच पॅरिशचे कॅथलिक. बाहेरच्यांनी रसद तोडली. प्राण देईन पण चर्च देणार नाही, असा हार्टमन यांचा पवित्रा होता. सुमारे पंधरा दिवसांनी सरकारने मध्ये पडून दरवाजे उघडायला लावले आणि चर्च बाहेरच्या पक्षाच्या हाती गेलं.

दोन्ही पक्षांची मिस्सा एकच होती, लॅटिनमधली. श्रद्धाही एकच, संतही तेच. वाद होता तो बिशप कोणी नेमायचा याचा. पोर्तुगालच्या राजाने चर्चेस बांधावीत, धर्मगुरूंना पोसावं आणि त्या बदल्यात बिशपची नावं सुचवावीत, असा हक्क पोपनीच पूर्वी त्याला दिला होता. त्याला पाद्रोआदो म्हणत; माहीमच्या बाहेरचा पक्ष याच बाजूचा. पुढे पोर्तुगालची ताकद ओसरली, तेव्हा रोमने प्रोपगांडा या आपल्या खात्यामार्फत थेट प्रतिनिधी धाडायला सुरुवात केली; हार्टमन त्यांच्यातलेच. मुंबई बेटावर इंग्रजांनी १७२०मध्ये पोर्तुगीज पाद्र्यांना बाहेर काढून प्रोपगांडाचे कार्मेलाइट आणले. १७९४ साली कंपनी सरकारने चर्चेस वाटूनच टाकली : दादरचं साल्व्हासांव गोव्याकडे, म्हणजे पाद्रोआदोकडे, माहीमचं प्रोपगांडाकडे. एकाच गावात दोन बिशपांचा अंमल सुरू झाला.

ठाणे जिल्ह्याला हा प्रश्न त्याहूनही जुना आहे. मुरबाड, वैशाखरे करत नाणेघाट चढणाऱ्या व्यापारी वाटेचं बंदर म्हणजे कल्याण. सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉस्मस ज्या ‘कल्लियाना’बद्दल लिहितो, ते हेच असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे ख्रिस्ती होते आणि त्यांचा बिशप पर्शियातून नेमला जाई, असं तो सांगतो. पोर्तुगीज यायला तेव्हा जवळजवळ हजार वर्षं होती.

मुंबईतली दुही १८३८मध्ये चिघळली. पोप सोळावे ग्रेगरी यांनी भारताच्या मोठ्या भागातला पाद्रोआदोचा अधिकार काढून घेतला. गोव्याच्या धर्मगुरूंनी तो आदेश मानला नाही. आपण पोपविरुद्ध नाही, पोपनेच दिलेला जुना हक्क राखतो आहोत, असं त्यांचं म्हणणं. १८५३मध्ये मकावच्या बिशपनी मुंबईत येऊन त्यांच्यासाठी विधी केले, तेव्हा नववे पायस यांनी कडक शब्दांत निषेध केला. रोम आणि पोर्तुगाल यांच्यातल्या १८८६च्या करारानंतरही मुंबईत दोन अंमल राहिलेच. ते मिटले १९२८ला. तोडगा साधा होता : मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. पहिले आले जोआकीम लिमा, दुसरे थॉमस रॉबर्ट्स. या रॉबर्ट्स यांच्याबद्दल मला मोठा आदर वाटतो. भारतीय माणसाला जागा मिळावी म्हणून ते बाजूला झाले आणि १९५०मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस आर्चबिशप झाले.

आजच्या सेंट पायस दहावे संघाकडे मी याच इतिहासातून पाहतो. फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी तो १९७०मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापला. तमिळनाडूत पाळयंकोट्टईला त्याचं ठाणं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे काही निर्णय आणि नवी मिस्सा त्यांना मान्य नाही. मात्र १९८८ साली लफेव्र धर्मबहिष्कृत झाले ते लॅटिनमुळे नव्हे. पोपची आज्ञा नसताना त्यांनी चार बिशपांना दीक्षा दिली. परंपरा वाचवण्यासाठी दुसरा मार्ग उरला नव्हता, असं संघ सांगतो. माहीमच्या दारापुढचे लोक जे म्हणत होते, त्याच्याशी हे किती मिळतंजुळतं आहे!

रोमने पुष्कळ दारं उघडली आहेत. २००९मध्ये सोळावे बेनेडिक्ट यांनी त्या चार बिशपांवरचा बहिष्कार उठवला. फ्रान्सिस यांनी संघाच्या धर्मगुरूंना पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार दिला आणि २०१७मध्ये त्यांच्याकडच्या लग्नांना मान्यता मिळण्याची सोय केली. याच फ्रान्सिस यांनी २०२१मध्ये जुन्या मिस्सेवर सर्वत्र निर्बंध घातले, हेही खरं. मला तो निर्णय पटला नाही. लॅटिन गायनावर जीव असणाऱ्या माणसाला संशयाने वागवून एकी होत नाही.

पण वसईच्या आजीला आज मिस्सा मराठीत ऐकता येते, तिच्या सुखदुःखाच्या भाषेत प्रार्थना होते, ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळेच. संघ या सुधारणेलाच चूक म्हणणार असेल, तर तडजोडीला जागा उरत नाही. त्यांनी स्वतःसाठी लॅटिन मागावं. आमची मराठी मिस्सा दोषी ठरवू नये.

संघाने परत यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. रोमने त्यांना जुनी मिस्सा निर्धास्तपणे ठेवू द्यावी, त्यांच्यातलाच माणूस बिशप म्हणून नेमावा. नेमणूक मात्र पोपनेच करावी. मुंबईतली दुही मिटायला १७९४पासून १३४ वर्षं गेली. तेवढी वाट पुन्हा कोणी पाहू नये.