खंडित पाळी : नगर-बससेवेतील वेळेचा हिशेब

नगरातील बसवाहतुकीची मागणी दिवसभर सारखी नसते. कचेऱ्या व शाळा यांच्या वेळांमुळे ती सकाळी आणि सायंकाळी शिगेस पोचते; मधल्या प्रहरी ओसरते. मुंबईत कचेऱ्यांचे मोठे केंद्र दीर्घकाळ दक्षिण टोकास राहिले आणि वस्ती मात्र उत्तरेकडे पसरत गेली. अशा नगरात हा चढउतार विशेष जाणवतो. चालकाचे दैनिक काम मात्र आठ तासांचे. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी योजिलेली व्यवस्था म्हणजे खंडित पाळी होय.

एक ठोकळ उदाहरण घेऊ. एखाद्या मार्गावर गर्दीच्या वेळी वीस गाड्या लागतात व दुपारी दहा पुरतात, असे समजावे. सर्व पाळ्या सलग ठेवल्यास वीस गाड्यांना सकाळचे वीस आणि दुपारनंतरचे वीस, असे चाळीस चालक हवेत. उलट, दहा गाड्या सलग पाळ्यांनी चालवून उरलेल्या दहांवर एकेकच चालक सकाळी आठ ते बारा व दुपारी चार ते रात्री आठ असा नेमल्यास तीस चालकांत काम भागते. दुपारी या दहा गाड्या आगारात उभ्या राहतात.

ही काटकसर निर्वेध राहू नये म्हणून १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने काही मर्यादा घातल्या. सामान्यतः दिवसाचे काम आठ तासांहून अधिक नसावे. ते दोनांहून अधिक भागांत तोडू नये. आणि विश्रांतीसह त्याचा एकूण विस्तार बारा तासांपलीकडे जाऊ नये. हा अधिनियम पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला. तथापि ‘काम’ आणि ‘विस्तार’ ही दोन मापे त्याने वेगळी मानली, हा भेद विषयाच्या मुळाशी आहे. वरील उदाहरणातील चालक काम आठ तास करतो. बांधलेला मात्र बारा तास असतो.

‘पाळी’ या शब्दात एकाने उठावे व दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी, असा अर्थ अभिप्रेत आहे. खंडित पाळीत दुसरा कोणी येतच नाही. तोच माणूस दोनदा येतो. मधले चार तास कागदोपत्री त्याचे स्वतःचे असतात. परंतु घर दूरच्या उपनगरात असल्यास जाण्यायेण्यातच ते सरतात. मग आगारातील विश्रांतिगृहाचा बाकच त्याचे घर ठरतो. घरची मुले शाळेतून परततात तेव्हा तो पुन्हा गाडीवर चढलेला असतो.

सारांश, खंडित पाळीने दुपारची निष्क्रियता नाहीशी होत नाही. ती संस्थेच्या खर्चातून निघून चालकाच्या दिवसात जमा होते. म्हणून मधल्या काळाचा भत्ता, विश्रांतीची नीट सोय आणि अशा पाळ्यांची आळीपाळीने वाटणी यांना सवलत समजणे योग्य नव्हे. दहा चालकांच्या बचतीची ती किंमत आहे, आणि ती कोणी द्यावयाची हाच खरा प्रश्न आहे.