फुलंब्रीची पाटी आणि ठोकळ्यांची देवनागरी

जुन्या व्हिडिओ गेमच्या धाटणीचे जाड, चौकोनी फॉन्ट इंग्रजी पोस्टरवर झकास दिसतात. पण देवनागरीत त्याच जाळीची नक्कल करू नये, असं माझं ठाम मत आहे. रोमन कॅपिटल अक्षर 5 बाय 7 ठिपक्यांत आरामात मावतं. आता छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलंच ‘फुलंब्री’ घ्या: खाली उकार, वर अनुस्वार आणि वेलांटी, शेवटी जोडाक्षर. शिरोरेषेला 1 ओळ, तिच्या वर 2, खाली उकाराला 2 दिल्या, तर 7 पैकी अक्षराच्या अंगाला उरतात दोनच! 16 ओळी घेतल्या की 11 उरतात, आणि अक्षर श्वास घेतं.

जाडी वाढवली की खरी पंचाईत. भ आणि म, ध आणि घ यांना वेगळं ठेवण्यात शिरोरेषेतल्या खाचेचा मोठा वाटा असतो. ती खाच बुजली, की ‘संभाजी’चा ‘संमाजी’ होतो. कुणी म्हणेल, शिरोरेषाच काढा, गुजरातीचं काय अडलं? अडलं नाही, कारण तिथली अक्षरं रेषेविना घडली; आपली डोळ्यांची सवय रेषेवर बसलेली. दुसरा आक्षेप असा की आजच्या मोबाइलवर ठिपके मोजायचेच कशाला? मान्य, ही निव्वळ हौस आहे. पण मग 7 ओळींचा हट्ट तर आणखीच निरर्थक. जाळी उंच घ्या, खाच निदान दोन ठिपक्यांची ठेवा आणि उकार अंगापेक्षा बारीक काढा. शिवाय ठोकळ्यांतली वळणं आपल्याला परकी नाहीत: पैठणीवरचा मोरही ताण्याबाण्याच्या चौकटीत पायरीपायरीनेच वळतो.