हाताने ऐकणाऱ्या डॉक्टरबाई

आमची चिमी अंगणवाडीत जाते. तिथे डॉक्टरांची गाडी तपासायला आली होती. ही गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. अंगणवाडीत ती वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातच पालघर येथून सुरू झाला.

डॉक्टरबाईंनी कानाला नळी लावायच्या आधी चिमीच्या छातीवर नुसता तळहात ठेवला. मग मला म्हणाल्या, "ये बाळ, तू पण हात ठेवून बघ." मी ठेवला. मांजर मांडीवर घुरघुरते तसे हाताला लागले. मला गंमत वाटली. पण पुढे कोल्हापूरला मोठी तपासणी झाली तेव्हा कळले, की चिमीच्या हृदयाच्या आतल्या पडद्याला जन्मापासून भोक आहे. त्यातून रक्त जोरात जाते म्हणून घुरघुर होते.

मी आपल्या बाईंना विचारले, नळी असताना हात कशाला? तेव्हा त्यांनी डॉ. हेलेन टॉसिग यांची माहिती सांगितली.

टॉसिगबाईंचा जन्म २४ मे १८९८ रोजी अमेरिकेत झाला. त्या ११ वर्षांच्या असताना त्यांची आई क्षयाने वारली. लहानपणी त्यांना वाचायला फार जड जाई. (मीही वाचताना अडखळतो, वर्गाला माहीत आहे.) वडील त्यांना न रागावता शिकवत. हार्वर्डच्या डॉक्टरी कॉलेजात तेव्हा बायकांना पदवी देत नसत, म्हणून त्या बाल्टिमोर गावी जॉन्स हॉपकिन्स येथे शिकल्या आणि १९२७ साली डॉक्टर झाल्या. १९३० साली त्यांच्याकडे तिथला मुलांच्या हृदयाचा दवाखाना सोपवला. पण त्यांना ऐकू कमी येऊ लागले. हृदयाचा डॉक्टर आणि बहिरा! आमचे आबा म्हणाले, "मग काय उपयोग?" पण त्या ओठ बघून बोलणे ओळखत आणि छातीवर हात ठेवून हृदय ओळखत.

त्यांच्याकडे निळी बाळे येत. ओठ निळे, नखे निळी, चार पावले चालली की दम लागून खाली बसत. आपले रक्त फुप्फुसात जाऊन प्राणवायू घेते आणि लालभडक होते. या बाळांची फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते, शिवाय पडद्याला भोक असते. त्यामुळे प्राणवायू न घेतलेले रक्तच अंगभर फिरते. तेव्हा यावर काही औषध नव्हते.

बाळ पोटात असताना हृदयाजवळ एक जादा नळी असते, ती जन्मानंतर बंद होते. टॉसिगबाईंच्या लक्षात आले, की ज्या निळ्या बाळांची ही नळी उघडी राहते ती बरी असतात. मग त्यांनी विचार केला, अशी नळी नवीन का करू नये? आमचे आबा उसाला पाणी पाजताना पाट तुंबला तर दुसऱ्या पाटाचे दारे फोडून पाणी वळवतात, तसेच हे.

डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी ते काम हाती घेतले. त्यांचे मदतनीस व्हिव्हियन थॉमस यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून रीत बसवली. थॉमस यांना पैशांअभावी कॉलेज शिकता आले नव्हते, तरी ऑपरेशनच्या वेळी ते ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून सांगत. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी १५ महिन्यांच्या एका मुलीचे पहिले ऑपरेशन झाले. हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाच्या वाहिनीला जोडली. मुलगी सुधारली.

पण पुढच्या वर्षी ती वारली. हे बाईंनी आधी सांगितले नव्हते, मी विचारल्यावर सांगितले. तिसरा मुलगा ६ वर्षांचा होता. त्याचे ओठ टेबलावरच निळ्याचे गुलाबी झाले.

टॉसिगबाई २० मे १९८६ रोजी मोटार अपघातात वारल्या. त्यांनी लग्न केले नव्हते.

आज्जी म्हणते, एवढ्याशा पोरीला कापायचे नाही. मी तिला टॉसिगबाईंचे सगळे सांगितले, वारलेल्या मुलीचेही. ती काही बोलली नाही. तिने चिमीच्या छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच धरला. मग म्हणाली, "लई घुरघुरतंय की रं."

चिमीचे निळे काही नाही, ओठ लालच आहेत. तिचे ऑपरेशन वेगळे, भोक बुजवायचे. पुढच्या सोमवारी तिला कोल्हापूरला न्यायचे आहे. आज्जी पण येणार आहे. त्या दिवशी मी शाळेत नसेन.

— इयत्ता ४ थी