वैलाचा वेल झाला!

आमच्या आईला आता ८३ वे वर्ष लागले आहे. सकाळी काय जेवली हे तिला दुपारी आठवत नाही. पण माहेरच्या स्वयंपाकघरातले शब्द मात्र फडताळातून निघावेत तसे मधूनच बाहेर पडतात. उतरंड, शिंके, वैल. एकदा आलेला शब्द पुन्हा येईलच, असा नेम नाही. म्हणून रोज संध्याकाळी संगणकापुढे बसून मी ते टिपू लागलो. नोंदींचा छोटासा प्रोग्राम आमच्या कन्येने जावास्क्रिप्टमध्ये करून दिला. आधी अर्थ लिहायचा, मग शब्द. एंटरची कळ दाबली की नोंद जमा.

तिसऱ्या आठवड्यात जुन्या नोंदी चाळतो तो काय! ‘मुख्य चुलीला जोडलेली, तिच्याच जाळावर चालणारी लहान चूल’ या अर्थापुढे ‘वेल’! अशा ४१ नोंदी बिघडलेल्या निघाल्या.

“बाबा, तुम्ही घाईत दोनदा कळ दाबता,” कन्येने निकाल दिला. तिने स्वतः लिहून पाहिले, तर सारे बिनचूक! आता यातली मौज सांगायला हवी. मराठीचा प्राध्यापक असून मी मराठी टंकतो ती रोमन अक्षरांनी, आणि पडद्यावर सुचवलेल्या शब्दांतून हवा तो एंटरने निवडतो. ती टंकते इन्स्क्रिप्टने. कळ दाबली की थेट देवनागरी.

असला प्रोग्राम ओळीमागून ओळ चालत नाही. दारावरच्या गड्यासारखा तो बसून असतो. कळ दाबली, माउस हलला, की त्या ‘घटने’ची वर्दी येते आणि मग तो उठतो. कन्येने त्याला मध्येच थांबवून तपासले. पण थांबवताच लक्ष दुसऱ्या खिडकीत जाते, अर्धवट शब्दाची जुळणी तिथेच मिटते आणि दोष गायब! डॉक्टर आले की उतरणारा ताप म्हणतात, तो हाच.

शेवटी तिने थांबवणे सोडले. प्रत्येक वर्दीगणिक एक ओळ लिहून घेण्याची सोय केली आणि मला ‘वैल’ लिहायला बसवले. यादीत क्रम उमटला: जुळणी सुरू, मजकूर बदलला, एंटर दाबली, नोंद जमा, आणि त्यानंतर, जुळणी संपली! म्हणजे शब्द निवडण्यासाठी दाबलेली एंटर प्रोग्रामने आपलीच समजून, पेटीत तेव्हा दिसणारा पहिला पर्याय उचलला होता. जपानी लोकांना हे दुखणे जुनेच. कांजी अक्षरेही एंटरनेच पक्की होतात.

उपाय एका ओळीचा. जुळणी चालू असताना आलेल्या कळीच्या वर्दीवर ‘इज-कंपोझिंग’ अशी खूण असते; ती दिसली तर गप्प बसायचे. सफारी ब्राउझरात मात्र जुळणी संपल्याची वर्दी एंटरच्या आधी येते, तेव्हा ही खूण फसते. तिथे कळीचा जुना क्रमांक २२९ आहे का, ते पाहावे लागते.

राहिल्या ४१ नोंदी. अर्थ वाचून दाखवत आईला पुन्हा विचारले. अडतीस शब्द तिने दिले. उरलेल्या तिन्ही वेळा माझ्याकडे पाहून म्हणाली, “हे मी सांगितलं होतं?”