जव्हार-मोखाड्याच्या भिंतीवरील घोडा आणि बैल

लग्नसराईंत जव्हार किंवा मोखाडा तालुक्यांतील वारल्यांच्या पाड्यावर जाण्याचा योग आल्यास लग्नघरची चौकाची भिंत अवश्य पाहावी. कुडाच्या भिंतीवर गेरूचा हात देऊन सवाशिणी तांदळाच्या पिठानें चौक काढतात. मधल्या चौकांत पालघट देवी असते व लहान चौकांत घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. या घोड्याच्या मानेवर जूं नाहीं. तो देवाचें वाहन आहे. शेताचा भार या मुलखांत बैल वाहतो.

औत-गाड्याचा घोडा पाहावयाचा तर युरोपांतील चित्रांकडे वळावें लागतें. तेथें एकोणिसाव्या शतकांत शेतीचें पुष्कळसें ओढकाम घोड्यांवर होतें. इंग्लंडच्या कॉन्स्टेबलनें १८२१ सालीं नदीच्या पाण्यांत उभा असलेला गाडा व त्याचे घोडे रंगविले. फ्रान्समधील रोझा बोनर ही तर पुरुषी वेषांत पॅरिसच्या घोडेबाजारांत जाऊन रेखाटनें करीत असे. त्यांवरून तिनें केलेलें अश्वबाजाराचें चित्र १८५३ सालीं प्रदर्शनांत आलें. त्यांतील धिप्पाड घोडे पेर्शेरॉन जातीचे आहेत. परंतु त्यापूर्वीं, १८४९ सालीं, तिनेंच निव्हेर्नें प्रांतांतील नांगरणी रंगविली, तींत बैलच आहेत. उलटलेलीं ओलीं ढेकळें तिनें इतकीं नेमकीं दाखविलीं आहेत कीं, शेतकऱ्याची नजर जनावरांआधीं मातीवरच जाते. जेथें जें जनावर राबतें तेंच चित्रांत उतरतें, याला हा चांगला दाखला होय.

१९७० नंतरच्या दशकांत भास्कर कुलकर्णी यांच्या खटपटीनें वारली चित्र कागदावर आलें. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. लग्नाच्या चौकाबाहेर पडलेल्या या चित्रांत शेतीचीं कामें विपुल आलीं, आणि त्यांबरोबर बैलही.

आतां अडचण अशी कीं, बैलच कमी होत आहेत. पशुगणनेप्रमाणें देशांतील गोवंशाचे नर २०१२ सालीं सुमारें ६ कोटी ७९ लक्ष होते, ते २०१९ सालीं सुमारें ४ कोटी ७४ लक्ष राहिले. धो धो पावसांत टिकणारा, काळ्या कठीण खुरांचा डांगी बैल या डोंगराळ भागाला जसा मानवतो तसें दुसरें जनावर क्वचितच. पण ज्या मुलानें रुमणें हातीं धरलें नाहीं, तो चित्रावरूनच चित्र काढणार. म्हणून असें चित्र विकत घेतांना जूं वशिंडाच्या पुढें आहे कीं मागें, एवढें तरी पाहावें. मागें असेल तर ती जोडी एक तासही काढणार नाहीं!

जव्हारकडील ज्या वाचकांच्या दावणीला अजून डांगी जोडी आहे, त्यांनीं चिखलणीच्या दिवसांत पाड्यावरील चित्रें काढणाऱ्या मुलांस बांधावर बोलवावें; आणि जूं, शिवळा, हाळीस हीं हातांत देऊन दाखवावीं.