दहा श्वासांना एक मणी

घड्याळ समोर ठेवा आणि एक मिनिट आपले श्वास मोजा बरं. छाती फुगून खाली बसली, की एक. आकडा वीसच्या आसपास आला ना? आता घरात किंवा शेजारी एखादं तान्हं बाळ झोपलेलं असेल, तर त्याचं वरखाली होणारं पोट मोजा. चाळीसच्या आसपास! घाबरू नका, बाळ ठणठणीत आहे. त्याची फुप्फुसं इवलीशी, त्यामुळे एका श्वासात हवा मावते थोडीच. वाढत्या अंगाला ऑक्सिजन मात्र भरपूर लागतो. मग बाळ काय करणार? भराभर श्वास घेणार!

म्हणूनच मोठ्यांची उपकरणं मुलांना जशीच्या तशी चालत नाहीत. बाबांचा रक्तदाब मोजायचा रुंद पट्टा तुमच्या बारक्या दंडाला गुंडाळला, तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. तिथे लहान पट्टा आणला की काम भागतं. पण प्रत्येक वेळी नुसतं लहान करून भागत नाही. कधी कधी अख्खी युक्तीच नवी शोधावी लागते.

चला गडचिरोलीला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग तिथे १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेमार्फत काम करत आहेत. त्या काळी तिथल्या खेड्यांत न्यूमोनियाने कितीतरी बाळं दगावत. हा आजार ओळखायची एक सोपी खूण आहे, श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, तर धोका. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ही सीमा पन्नास आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस. वेळेवर ओळखलं तर औषधाने मूल बरं होतं. पण मोजणार कोण? दवाखाना लांब. गावात होत्या त्या सुइणी. बाळ हाताळण्यात एकदम तरबेज! अडचण एवढीच, की त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या आणि त्यांना जेमतेम बारापर्यंत मोजता यायचं.

आता साठ कसे मोजायचे? बंग डॉक्टरांनी त्यांच्यासाठी ‘ब्रेथ काउंटर’ तयार केला. त्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी, वेगवेगळ्या वयासाठी वेगळी ओळ. वाळू सुरू करायची आणि बाळाकडे बघत दहापर्यंत मोजायचं. दहा झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. वाळू संपायच्या आत ओळीच्या शेवटचा लाल मणी सरकवायची पाळी आली, तर समजायचं, न्यूमोनिया आहे! ना बॅटरी, ना स्क्रीन. बारापर्यंत मोजता येतं ना? मग दहाच मोजा, पुढचा हिशोब मणी ठेवतील.

आजार ओळखला, पण श्वासच पुरत नसेल तर? त्यासाठी जाऊ बांगलादेशात. १९९६ मध्ये सिल्हेटच्या रुग्णालयात डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती हे तरुण डॉक्टर काम करत होते. एका रात्रीत न्यूमोनियाने तीन मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. यावर काहीतरी उपाय शोधायचाच, असं त्यांनी ठरवलं. श्वासाला मदत करणारी व्हेंटिलेटर यंत्रं होती, पण त्यांची किंमत हजारो डॉलर! पुढे ऑस्ट्रेलियात मेलबर्नला त्यांनी बुडबुड्यांवर चालणारं एक उपकरण पाहिलं, बबल सीपॅप. तेही महागच. ढाक्याला परतल्यावर एक दिवस त्यांना शॅम्पूची टाकून दिलेली बाटली दिसली. तळाशी उरलेल्या शॅम्पूचे बुडबुडे आले होते. झालं, डोक्यात प्रकाश पडला!

बुडबुड्यांचा इथे काय संबंध? करून बघा. उंच पेल्यात पाणी घ्या. स्ट्रॉ दोन सेंटिमीटर बुडवून फुंका, लगेच बुडबुडे येतात. आता दहा सेंटिमीटर बुडवून फुंका. जोर जास्त लागला ना? नळी जितकी खोल, तितका पाण्याचा दाब जास्त. तो दाब हरवला तरच बुडबुडा बाहेर पडतो.

आता आजारी बाळाकडे बघू. फुप्फुसात हवेचे अगदी बारीक वायुकोश असतात. न्यूमोनियात ते मिटायला लागतात. पूर्ण बसलेला फुगा फुगवताना सुरुवातीला किती दम लागतो, आठवा. थोडा फुगलेला असला तर सोपं जातं. डॉ. चिश्तींच्या जोडणीत बाळाच्या नाकाशी नळीतून ऑक्सिजन येतो आणि बाहेर जाणाऱ्या हवेच्या नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडलेलं असतं. पाण्याचा दाब उलटा फुप्फुसापर्यंत पोहोचतो, त्यामुळे वायुकोश पुरते मिटत नाहीत. बाळाचे कष्ट वाचतात. (हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच चालतं हं! घरी फक्त पेला आणि स्ट्रॉ.)

ढाक्यात या जोडणीची चाचणी झाली आणि तिचे निकाल २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले. नेहमीच्या पद्धतीने मंद ऑक्सिजन दिलेल्या मुलांपैकी शेकडा १५ दगावली होती. बाटलीची मदत मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ४ वर आलं.

तुमच्या वर्गात कुणाला दमा असेल, तर त्याच्याकडचा स्पेसर पाहिला असेल. इन्हेलर दाबणं आणि त्याच क्षणी श्वास ओढणं लहानग्यांना जमत नाही. म्हणून औषधाचा फवारा आधी त्या पोकळ नळकांड्यात थांबतो आणि मूल सावकाश आपल्या लयीत तो आत घेतं. मुलाला शिकवत बसण्यापेक्षा उपकरणच बदललं!

आता एक कोडं तुमच्यासाठी. वाफेसारखं औषध देणारं नेब्युलायझर मशिन घर्र घर्र वाजतं. त्या आवाजाने आणि तोंडावरच्या मास्कने दोन वर्षांचं पिल्लू भोकाड पसरतं आणि रडताना औषध फुप्फुसात नीट पोहोचत नाही. तुम्ही या मशिनमध्ये काय बदलाल? चित्र काढून आम्हाला पाठवा. अट एकच, ‘मशिन छोटं करू’ एवढ्या उत्तराला मार्क नाहीत!